तुपाच्या रंगाचा उजेड

सूर्य समुद्राला टेकण्याआधी वारा क्षणभर श्वास रोखतो, माडांच्या झावळ्यांची सळसळ थांबते आणि खाडीचं पाणी घासलेल्या पितळी परातीसारखं निश्चल होतं. त्या वेळी बत्तीचाचा आपल्या लहानशा ट्रॅक्टरच्या दिव्यासमोर उजवा तळहात धरून उभे राहत. उजेड बोटांच्या फटींतून त्यांच्या सदऱ्यावर सांडे, बोटांच्या कडा डाळिंबाच्या दाण्यांसारख्या लाल होत, आणि तळहाताची सावली पडलेला त्यांचा चेहरा दूरचं काही ऐकत असल्यासारखा शांत असे. आज त्यांची आठवण येते तेव्हा चेहरा आधी येत नाही. आधी तो हात येतो, मग त्याच्या मागचा उजेड, आणि सर्वांत शेवटी, जणू परवानगी मागून, ते स्वतः येतात.

बत्तीचाचा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तरुणपणी ते मालवाहू जहाजांवर विजेची कामं करत. जहाजावर विजेच्या माणसाला बत्तीवाला म्हणतात. ते नाव त्यांच्यासोबत समुद्रावरून घरी आलं आणि हेदवीच्या पलीकडे खाडीकाठच्या त्या गावात कायमचं राहिलं. बारीक, उंच अंगकाठी, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, आणि लुंगीच्या कनवटीला सदैव खोचलेला लाकडी मुठीचा पेचकस. वाळूतून चालतानाही ते पाय किंचित फाकवून टाकत. इतकी वर्षं डेकवर काढलेल्या माणसाला स्थिर जमिनीवर पूर्ण विश्वास ठेवणं जमत नसावं.

त्यांचा ट्रॅक्टर हा त्यांच्या म्हातारपणाचा सोबती. बागेत फिरवायचा, कमरेएवढ्या उंचीचा, मूळचा कुठल्यातरी विलायती कारखान्यात जन्मलेला. मुंबईच्या जुन्या लोखंडाच्या बाजारातून त्यांनी तो सुटा करून आणला होता आणि अंगणातल्या फणसाखाली पुन्हा जोडला होता. त्याचा मूळचा हिरवा रंग आता शेवाळलेल्या कौलासारखा झाला होता. मागे एक हातगाडीएवढा गाडा जोडलेला, आणि त्या गाड्यावर पाण्याची दोन पिंपं. घरामागच्या चढावर जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे कातळी माळ, पसरला होता. तिथे सुरुंग लावून खड्डे पाडून, खालून माती वाहून नेऊन चाचांनी हापूसची चाळीस कलमं लावली होती. सड्यावर पाण्याचा थेंब नाही. एक दिवसाआड ही दोन पिंपं वर गेली तर कलमं जगणार, नाही तर कातळ त्यांना आतून भाजून काढणार. ट्रॅक्टर म्हणजे त्या कलमांची विहीर होती.

मी त्या गावात आलो तो हायस्कुलात विज्ञान शिकवायला. सावर्ड्याच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचं घर. वडील, आजोबा, पणजोबा, सगळे भातशेतीचे. चिपळूणच्या कॉलेजातून मी पदवी घेतली तेव्हा वडिलांनी वाडीत गूळ वाटला आणि आईने माझं प्रमाणपत्र देवाच्या फळीवर ठेवलं. पण मी नेमकं काय शिकलो हे विचारावं, असं घरात कोणाला सुचलं नाही. त्यात त्यांचा दोष नव्हता. ते माझ्याकडे, नदीच्या पैलतीरावर पोहोचलेल्या माणसाकडे पाहावं तसे अभिमानाने आणि थोड्या अंतरावरून पाहत. शिक्षणाने मला खूप दिलं, त्याचं ऋण मी मानतो. पण त्याने मला घरातल्या घरात पाहुणाही केलं, हे मी फार दिवस कोणाला सांगितलं नाही.

चाचांच्या माडीवरची खोली मला राहायला मिळाली. पहिल्या संध्याकाळी शाळेतून परतलो तेव्हा ते पडवीत बसले होते. म्हणाले, "मास्तर, आज काय शिकवलात पोरांना?"

मी म्हणालो, "चुंबक."

"बसा. माका पण सांगा. तीस वरसं तेच्यावर पोट भरला, पन ता आतमदी काय करतो ता कोनी सांगितला नाय."

मी सांगत गेलो, ते ऐकत गेले, आणि मध्येच एखादा असा प्रश्न विचारत गेले की माझ्या पुस्तकाचं पान उलटून त्याची कोरी बाजू दिसावी. माझी विद्या कोणाच्या तरी कामाची आहे असं मला त्या पडवीत पहिल्यांदा वाटलं.

घर मोठं होतं, आणि रिकामं. मुलगा रफीक कुवेतला. त्याने पाठवलेल्या पैशांतून स्लॅबचं घर उभं राहिलं होतं, रंगीत काचांच्या खिडक्या लागल्या होत्या. पण त्याची बायको आणि मुलं मुंबईला, चाचांची बायको मशिदीमागच्या कबरस्तानात, आणि सहा खोल्यांना कुलुपं. संध्याकाळचा उजेड त्या रंगीत काचांतून आत येई, कुलूपबंद दारांवर लाल-निळे ठिपके टाकी आणि कोणी उचलून घेत नाही असं पाहून निघून जाई. रफीकची पत्रं पूर्वी येत, निळी, पातळ, चुरचुरणारी. आता कॅसेटी येत. चाचा टेपरेकॉर्डर फणसाखाली आणून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवत, आणि त्या दोघांना, म्हणजे स्वतःला आणि ट्रॅक्टरला, रफीकचा आवाज ऐकवत. मधल्या एखाद्या वाक्याला ते मान हलवत, कधी "व्हय रं बाबा" असं उत्तरही देत. कॅसेट थांबत नसे, पुढेच बोलत राही.

उजेडाचे रंग मी त्यांच्याकडे शिकलो. त्यांच्या लेखी दिव्याला तीनच रंग होते: हळद, तूप आणि चुना. इंजिनासोबत फिरणारा डायनामो कमी वीज देतो तेव्हा दिवा हळदीचा जळतो, मलूल, पिवळा. जास्त देतो तेव्हा चुन्याचा, पांढराफटक. तो दिवसा पाहायला छान, पण बल्ब आणि बॅटरी दोन्ही जाळणारा. आणि सगळं प्रमाणात असेल तर उजेड ताज्या कढवलेल्या तुपाच्या रंगाचा असतो. तो प्रमाणात ठेवायचं काम सीटखालच्या एका काळ्या डबीचं. तिला रेग्युलेटर म्हणतात. आत दोन गुंडाळ्या आणि केसाएवढ्या फटीवर टेकणारे-सुटणारे पॉइंट. एक गुंडाळी डायनामोला बॅटरीशी जोडते-तोडते, दुसरी विजेला आवर घालते. चाचा म्हणत, हा ट्रॅक्टरचा काझी. दोघांचा ऐकून घेतो आणि कोणालाच डोक्यावर बसू देत नाय.

दर दोन दिवसांनी, पिंपं रिकामी करून परतल्यावर, ते दिव्यासमोर हात धरत आणि मला विचारत, "बोला मास्तर. रंग कसा हाय?"

मी म्हणे, "तूप."

"शाबास. पास."

मला त्याची गंमत वाटे. दिवसभर मी पोरांना प्रश्न विचारायचो, संध्याकाळी मला विचारणारं कोणी होतं. हा त्यांनी चालवलेला माझा वर्ग आहे, असं मी समजत होतो.

त्यांचे डोळे अधू आहेत हे मला ठाऊक होतं. जुनी पत्रं मी वाचून दाखवी, घड्याळ मी सांगे. गावाला त्यांनी मोतीबिंदू सांगून ठेवला होता. कोणी शस्त्रक्रियेचा विषय काढला की म्हणत, "अजून पिकला नाय. हापूस हाय तो. काय घाई करून आडीत घालू?" सगळे हसत, तेही हसत. रत्नागिरीच्या डॉक्टरकडे ते एकदा एकटेच एसटीने जाऊन आले होते. तिथे काय कळलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि परतल्यावर चार दिवस सड्यावरच बसून होते, एवढंच शेजाऱ्यांकडून मला समजलं.

माघात, आंब्याला मोहोर धरला असताना, काळी डबी बिघडली. आधी वास आला, उकळत्या बॅटरीचा आंबूस, घशात जाणारा वास. मग दिवा चुन्यासारखा पेटला आणि काच तडकून विझला. आवर घालणारे पॉइंट एकमेकांना चिकटून बसले होते, स्प्रिंग थकली होती. असा ट्रॅक्टर चालवला तर बॅटरी करपणार, बॅटरी गेली की ठिणगी गेली, आणि ठिणगी गेली की इंजिन म्हणजे नुसता जड धोंडा.

त्याच आठवड्यात कॅसेट आली. रफीकचा आवाज थकलेला होता, पण ठाम. तो शिमग्याच्या सुमारास सुट्टीवर येणार होता. म्हणाला, अब्बा, मी तुम्हाला मुंबईच्या घरी न्यायला येतोय. एकट्याने फार झालं. तुमचा ट्रॅक्टर चालत असेल आणि तुम्ही स्वतः तो सड्यावर नेऊन आणत असाल, तर मी एक शब्द बोलणार नाही. पण नसेल, तर सामान बांधा.

चाचांनी कॅसेट थांबवली. फणसाच्या खोडाला पाठ टेकून ते बसले. मग सड्याकडे तोंड करून म्हणाले, "चौथ्या मजल्यावर मी काय करू, मास्तर? थय माती पन कुंडीत आसता."

त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही कावडीने पाणी वाहिलं. शाळेआधी चार खेपा, शाळेनंतर चार. पहाटेचा सडा थंड असे, मोहोराचा तुरट-गोड वास दवात भिजून जमिनीलगत पसरलेला असे, आणि चाचा माझ्या मागून, एका हाताने माझ्या खांद्याला स्पर्श करत चालत. वयाने असेल, असं मी समजत होतो.

नवा रेग्युलेटर, सोबत दिव्याचा एक बल्ब, मुंबईहून आला, गावातल्या एका चाकरमान्याच्या पिशवीतून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. शिमग्याला आठ दिवस उरले होते. रविवारी सकाळी फणसाखाली गोणपाट अंथरून आम्ही बसलो. चाचा सांगत होते आणि मी करत होतो. प्रत्येक तार सोडवताना त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि तिचं ठिकाण तोंडाने म्हटलं, एखादा वृद्ध आपल्या नातवंडांची नावं म्हणतो तसं. जुनी डबी निघाली, नवी बसली. शेवटी उरली बॅटरी. तिच्या एका टोकाला लाल फडकं बांधलेलं होतं, ते धन टोक.

"लाल बॉडीला," चाचा म्हणाले. "काळा डबीकडे. इसरू नका."

आणि इथे मी ते केलं, ज्याची आठवण मला अजूनही आतून पोळते. धन टोक गाडीच्या अंगाला जोडायचं? माझ्या पुस्तकात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, एसटीच्या प्रत्येक गाडीत ऋण टोक अंगाला असतं. मला वाटलं, डोळ्यांनी फडक्याचा रंग चुकवला असेल, किंवा वयाने शब्दांची अदलाबदल झाली असेल. त्यांना दुरुस्त करून त्यांचं मन दुखवू नये म्हणून मी काही बोललो नाही. मुकाट्याने काळं बॉडीला जोडलं आणि लाल डबीकडे. मी त्यांची चूक झाकतो आहे, या भावनेने मला थोडं मोठंही वाटलं.

चाचांनी हँडल मारलं. इंजिन लगेच धरलं. दिवा लागला.

"रंग?"

"तूप, चाचा."

ते हसले आणि त्यांनी वेग वाढवला. डबीत एक ठिणगी तडतडली आणि झाकणाखालून करड्या धुराची दोरी वर आली. जळत्या लाखेचा वास फणसाखाली पसरला. मी काही करण्याआधीच चाचांनी गुडघ्यांवर बसून, आंधळ्या वेगाने, बॅटरीची तार उपटून काढली. त्यांच्या बोटांना चटका बसला. मग त्यांनी ती दोन्ही टोकं हातात घेतली, अंगठ्याने फडकं चाचपलं, आणि त्यांना कळलं.

जुन्या विलायती गाड्यांचं धन टोकच अंगाला असतं. ते माझ्या पुस्तकात नव्हतं. त्यांच्या हातात होतं.

मी माफी मागायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "बुकातली गाडी नवी आसंल." तेवढंच. त्या वाक्यात टोमणा होता की सांत्वन, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. दुपारभर ते पडवीत बसले. माझ्या अंगावरच्या धुवट सदऱ्याची, खिशातल्या पेनाची, देवाच्या फळीवरच्या त्या प्रमाणपत्राची मला लाज वाटत राहिली. एका माणसाचं घर त्याच्या हातून सुटू नये म्हणून जी एक वस्तू होती, ती मी माझ्या शहाणपणाने जाळली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तो गोणपाटावर दोन्ही डब्या उघड्या, शेजारी शेजारी. जुन्या डबीची जोडणारी गुंडाळी अजून शाबूत होती. नव्या डबीची जळली होती, पण तिची आवर घालणारी स्प्रिंग आणि पॉइंट नवे होते. "दोन मुडद्यांत मिळून एक जिता होतो काय बगू," चाचा म्हणाले. चार संध्याकाळी ते काम चाललं. मी फक्त पेचकस देत होतो. त्यांची बोटं त्या इवल्या पत्र्यांवरून अशी फिरत, की जणू जपमाळेचा मणी पुढे सरकतो आहे. शेवटी फट मोजायची वेळ आली. त्यासाठी पोलादी पट्टी लागते, ती नव्हती. त्यांनी मला रफीकच्या जुन्या पत्रांचा गठ्ठा आणायला सांगितलं. एकेक कागद चिमटीत चोळून त्यांनी बाजूला ठेवला. मग एकावर ते थांबले.

"ह्या निळा ना?"

"हो."

"पैलाच हाय. थय जाऊन पोचल्याचा." त्यांनी त्या पत्राचा कोपरा दुहेरी मोडला, पॉइंटांच्या मध्ये सरकवला आणि स्क्रू आवळला. कुवेतला सुखरूप पोहोचलो, एवढ्या वाक्याच्या जाडीवर त्यांच्या दिव्याचा उजेड उभा राहिला.

बॅटरी यावेळी त्यांनी स्वतः जोडली, लाल बॉडीला. मग एक तार घेऊन डायनामोच्या टोकाला क्षणभर टेकवली. बारीकशी निळी ठिणगी उडाली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"तेचा तोंड फिरला आसंल, मास्तर, तुमच्या रविवारच्या करनीने. त्याला किबला दाखवला, नमाजाची दिशा. यकदा दाखवला की लोखंड इसरत नाय."

मी वर्गात शिकवत होतो ते हेच: वीज गेल्यावरही लोखंडात थोडं चुंबकत्व मागे उरतं, आणि पुढची सगळी वीज त्या उरलेल्या थोडक्यातून पुन्हा जन्म घेते. अवशिष्ट चुंबकत्व असा शब्द मी फळ्यावर लिहीत असे. त्या शब्दाला दिशा असते आणि प्रार्थनाही असते, हे मला फणसाखाली कळलं.

रफीक आला तेव्हा गावात शिमग्याचे ढोल घुमत होते. तिशीचा, वडिलांसारखाच उंच, मनगटावर चकाकणारं घड्याळ, बोलणं हळू. त्याने वडिलांना मिठी मारली ती बराच वेळ सोडली नाही. दुपार टळल्यावर चाचा उठले, पिंपं भरून गाड्यावर चढवली आणि ट्रॅक्टरवर बसले. आम्ही दोघे मागून चालत निघालो.

ती फेरी मी विसरणार नाही. मातीवर चाकांचा आवाज मऊ येई, जांभ्याच्या चिऱ्यांवर खडखडीत, मोरीवरून जाताना पोकळ. आणि प्रत्येक आवाजासरशी चाचांचे हात अचूक वळत. करवंदीच्या जाळीला टायर घासला नाही, एकही पिंप कलंडलं नाही. चाळीस कलमांना पाणी मिळालं. रफीकच्या चेहऱ्यावरचा निश्चय उतरत गेला आणि त्या जागी मुलाला बापाबद्दल वाटणारं कौतुक आलं. मला हळूच म्हणाला, "म्हातारा अजून आपल्याला ऐकत नाय, मास्तर." मीही हसलो. माझ्या छातीवरचा आठ दिवसांचा दगड उतरला होता.

परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चाचांनी इंजिन चालू ठेवलं, खाली उतरले, दिवा लावला आणि त्याच्यासमोर उभे राहून तळहात धरला. बोटांच्या कडा लाल झाल्या. कढवलेल्या तुपाचा, स्थिर, गरम उजेड त्यांच्या छातीवर, दाढीवर, टोपीवर पडला होता. इतका देखणा उजेड त्या दिव्यातून मी कधी पाहिला नव्हता. आणि त्या आनंदात, नेहमीच्या सवयीने मला विचारायचं सोडून, त्यांनी मुलाला विचारलं, "रफीक, तू बोल. रंग कसा हाय?"

रफीकला आमची हळद, तूप, चुना कुठून ठाऊक असणार? तो सहज म्हणाला, "रंग? पांढरा. मस्त लागलाय."

चाचांचा चेहरा उतरला. "पांढरा? चुना?" म्हणत त्यांनी झटक्यात इंजिन बंद केलं, गुडघ्यांवर बसले आणि सीटखालची डबी चाचपू लागले. "परत चिकटला काय... बॅटरी जाईल... मास्तर, तार काडा."

दिवा अजून बॅटरीवर जळत होता, त्यांच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, थेट त्यांच्या उघड्या डोळ्यांत. त्याचा रंग तुपाचाच होता.

मला तेव्हा सगळं एकदम समजलं. खांद्यावरचा हात. दिव्यासमोरचा तळहात, ऊब सांगते की दिवा लागला, पण ऊब रंग सांगत नाही. आणि दर फेरीनंतर विचारलेला तो प्रश्न. तो माझा वर्ग नव्हता. ते मला विचारत होते, कारण त्यांना माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "चाचा, तूप आहे."

त्यांचे हात थांबले. "तूप?"

"तूप."

दूर ढोल वाजत होते. चाचांनी डबीवर झाकण बसवलं, नीट, चारही बाजूंनी दाबून. रफीक खाली त्यांच्याशेजारी बसला.

"अब्बा. कधीपासून?"

"चवतीपासून," ते म्हणाले. चवत म्हणजे गणेश चतुर्थी. तेव्हा पावसाळा संपत आला होता. मी त्या घरात येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

"मोतीबिंदू..."

"नाय तो. काचबिंदू. तो पिकत नाय, नि काडता येत नाय." मग स्वतःशीच किंचित हसून म्हणाले, "मशीन पास झाला. मानूस नाय झाला."

चार दिवसांनी ते मुंबईला गेले. रफीकने जबरदस्ती केली नाही. ट्रंक त्यांनी स्वतःच बांधायला सांगितली. निघताना त्यांनी ट्रॅक्टरवर विणलेल्या झावळ्यांचे झाप पांघरले, जणू थंडीत कोणाला गोधडी घालावी, आणि कनवटीचा पेचकस काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "कलमांना पानी, येक दिवसाआड. आनि दर जुम्याला दिवा लावा. नायतर लोखंड इसरंल."

मी म्हणालो, "चाचा, लोखंड वर्षानुवर्षं विसरत नाही. पुस्तकात आहे."

"बुकातला लोखंड आसंल ता," ते म्हणाले. माझ्या दिशेला पाहून, पण किंचित डावीकडे. एसटीच्या खिडकीतून त्यांनी तळहात बाहेर काढला होता. गाडी वळणाआड गेली तेव्हा तो हात उन्हात शेवटचा दिसला.

मी पाणी घातलं, दर शुक्रवारी दिवा लावला. सहा कुलपांच्या जागी आता आठ कुलपं होती. पूर्वी त्या घरात दोन माणसं एकटी होती, आता एकच उरलं, आणि एकटेपण मात्र कमी झालं नव्हतं. त्यांच्या वाट्याचंही माझ्याकडे आलं होतं. दिवा लागला की मी मोठ्याने म्हणे, "तूप." झावळ्या ऐकत. कोणी शाबास म्हणत नसे.

पाऊस सुरू व्हायच्या सुमारास एक कॅसेट आली, माझ्या नावाची. मी ती फणसाखाली नेली आणि मडगार्डवर ठेवून लावली. खाली रस्त्यावरचे हॉर्न, कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी, आणि मग त्यांचा आवाज. इथे सगळे चांगले आहेत, नातवंडं पत्ते शिकवतात, बत्ती एका बटणावर लागते, तिला रंग आहे की नाही ते कोणी सांगत नाही. कलमांची चौकशी केली. एकेकाची, त्याच्या जागेवरून. मग म्हणाले, "मास्तर, दिवा लावलात? रंग कसा हाय? बोला. मी थांबतो."

आणि ते खरोखर थांबले. टेप फिरत राहिली. हॉर्न, पंख्याची घरघर, त्यांचा श्वास. रफीकच्या कॅसेटी त्यांच्यासाठी कधीच थांबत नसत. म्हणून असेल, त्यांनी माझ्यासाठी बोलायला जागा सोडली होती. मी म्हणालो, "तूप, चाचा." थोड्या वेळाने आतून आवाज आला, "शाबास. पास."

पुढच्या चवतीच्या आधी ते गेले. मला कळलं ते पोस्टकार्डाने, आठवड्यानंतर. त्या शुक्रवारीही मी दिवा लावला होता, म्हणजे ते नसताना मी त्यांना उत्तर दिलं होतं.

नंतर माझी बदली झाली, घर विकलं गेलं, ट्रॅक्टर कोणीतरी लोखंडाच्या भावात नेला. सड्यावरची चौतीस कलमं उभी आहेत असं ऐकतो. ती कॅसेट माझ्याकडे आहे. अनेकदा ऐकून टेप झिजली आहे. त्यांचे शब्द आता पुसट झाले आहेत, पण त्यांनी सोडलेली ती रिकामी जागा अजून तेवढीच स्वच्छ ऐकू येते. वर्गात दरवर्षी अवशिष्ट चुंबकत्व शिकवताना मी फळ्यावर शब्द लिहितो आणि क्षणभर मागे वळत नाही. प्रवाह गेल्यावर लोखंडात जे उरतं ते फार थोडं असतं, एक दिवाही त्यावर लागत नाही. पण ते ज्या दिशेला तोंड करून उरलेलं असतं, त्याच दिशेने पुढचा सगळा उजेड येतो.